परतीचा जामीन

अमेरिकेच्या कायद्याचं आपल्या आईबाबांबद्दल काय मत आहे, ठाऊक आहे? त्यांना तिकडे कायमचं राहायचं आहे. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस मुळात स्थायिक व्हायलाच निघालाय, असं धरूनच खिडकीमागचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो. तसं नाही, हे पटवून द्यायचं काम अर्जदाराचं. कायदा १९५२चा, कलम २१४ (बी).

सांगलीच्या ज्या आजोबांना पुण्यात चार दिवस करमत नाही, त्यांच्यावर हा संशय!

बरं, संशय अगदीच निराधार आहे का? नाही. फक्त माणूस चुकलाय. परत येतो म्हणून गेलेला आणि न आलेला इसम याच घरातला आहे. तो सध्या न्यू जर्सीत बसून आजोबांचा अर्ज भरतोय.

आठवून पाहा. हे चिरंजीव एमएस करायला निघाले तेव्हा विद्यार्थी व्हिसासाठी याच कलमासमोर उभे होते. शिक्षण संपल्यावर परत येणार का? येणार तर! आईवडील इथे आहेत, घर इथे आहे, शेती इथे आहे. पुरावे भक्कम होते.

आता त्याच पुराव्यांना ते तिकडे बोलावतायत.

अर्जाचं नाव डीएस-१६०. पान उघडं ठेवून वीस मिनिटं काही केलं नाही, तर ते आपोआप बंद पडतं. ‘आई, तुझ्या आईची जन्मतारीख काय गं?’ असं तिकडून विचारलं, की इकडे आधी डोळे पुसणं, मग माहेरचा वाडा, मग मामाला फोन. वीस मिनिटं केव्हाच संपलेली असतात. अर्जात ‘माहीत नाही’ असाही पर्याय आहे. पण तो घेतला तर आपण काही लपवतोय असं वाटेल, अशी आपली समजूत.

आणि आईची स्वतःची जन्मतारीख? एक जून. बाबांची? एक जून. आत्याची, काकांची, खालच्या मजल्यावरच्या जोशी आजोबांची? एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वाटलेला हा महाराष्ट्राचा सामुदायिक वाढदिवस. खिडकीमागच्या साहेबाला एव्हाना वाटत असेल, या लोकांत पत्रिका नव्हे, तारीख जुळवून लग्नं होतात.

पुढचा प्रश्न: याआधी दुसऱ्या कोणत्या नावाने वावरला होतात का?

महाराष्ट्रातल्या सत्तरीच्या बाईने यावर काय उत्तर द्यावं? माहेरची कुमुद सासरी वैशाली झाली. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं. आडनाव तर गेलंच. एका बाईची एवढी नावं पाहिली की कुठल्याही पोलिसाला टोळीचा वास येईल. प्रश्न सुरक्षेचा, उत्तर लग्नाचं.

मग येतात खरे सुरक्षेचे प्रश्न. दहशतवादी कृत्यं करण्याचा विचार आहे का? वंशसंहारात भाग घेतला होता का? स्फोटकं, अण्वस्त्रं, रासायनिक अस्त्रं यांचं खास प्रशिक्षण आहे का? वेश्याव्यवसायासाठी जाताय का? हे सगळं मुलाने आईला वाचून दाखवावं अशी अपेक्षा आहे. कोण वाचून दाखवणार? तो पटापट ‘नाही’वर टिचक्या मारत सुटतो. आईने विचारलंच तर, ‘ते फॉर्मचं असतं, मी भरलंय.’

त्यातला एकच प्रश्न बाबांना मनापासून आवडतो. कुठल्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का? ‘गोत्र लिहायचं का रे?’

गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खातीही लिहायची असतात. बाबांचं फेसबुक उघडून पाहा. सकाळी सुविचार, दुपारी गुडघेदुखीवरचा रामबाण उपाय, रात्री ‘बुडत चाललेली अमेरिका’. त्याच बुडत्या अमेरिकेत सहा महिने राहायचा हा अर्ज.

आणि शेवटी एक अगदी साधा प्रश्न. हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का?

चिरंजीव ‘नाही’ म्हणून मोकळे. उगाच आणखी रकाने उघडायला नकोत! अर्ज कुणीही भरला तरी शेवटचं सहीचं बटण अर्जदारानेच दाबायचं, असा नियम आहे. म्हणजे थाप मुलाची, सही बाबांची.

आता पैसे. माणशी १८५ डॉलर. जून २०२३पर्यंत १६० होते. व्हिसा मिळाला तरी गेले, नाकारला तरी गेले. शिवाय जुलै २०२५मध्ये तिकडे जो कायदा झाला, त्यात किमान २५० डॉलरच्या ‘व्हिसा इंटिग्रिटी फी’ची तरतूद केली आहे. नियम पाळून वेळेत परतलात तर ते पैसे परत देण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. आपल्याकडे निवडणुकीत उमेदवाराची अनामत रक्कम असते, तशी ही पाहुण्याची. पडलात तर नाही, राहिलात तर जप्त.

पैसे भरले, आता तारीख मिळवा. २०२२च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीसाठी हजार दिवसांच्या घरात थांबावं लागत होतं. बारशाला बोलावलेली आजी बालवाडीच्या प्रवेशाला पोचणार!

जिथे रांग, तिथे रांग विकणारा आलाच. मार्च २०२५मध्ये अमेरिकी दूतावासाने सुमारे २,००० मुलाखतींच्या तारखा एकदम रद्द केल्या. का? त्या बॉटने, म्हणजे संगणकी प्रोग्रॅमने, अडवून ठेवल्या होत्या. गणपतीच्या कोकण रेल्वेच्या तिकिटांवर तयार झालेला आपला समाज इथे मागे कसा राहील?

मुंबईची तारीख नाही? चेन्नईची घ्या. चेन्नईची नाही? कोलकाता आहेच. अमेरिका पाहायला निघालेल्या आजी आधी भारत पाहून घेतात.

पूर्वी एक सवलत होती. ८० वर्षांच्या पुढच्यांना मुलाखत माफ असायची. २ सप्टेंबर २०२५पासून तीही गेली. आता पंच्याऐंशीच्या पणजीनेही खिडकीसमोर उभं राहून दाखवायचं. काठी टेकत जाऊन ती कॅलिफोर्नियात नोकरी धरेल, ही महासत्तेची धास्ती.

मुलाखतीआधी बोटांचे ठसे. चाळीस वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून आईच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा. आधारच्या वेळीही यंत्र हेच म्हणालं होतं. आईची ओळख पटवून घेण्यात भारत आणि अमेरिका यांच्यात पूर्ण एकमत आहे.

फोटोत चष्मा चालत नाही, २०१६पासून. चष्म्याशिवाय बाबांना कॅमेरा दिसत नाही आणि चष्म्याशिवायचे बाबा शेजाऱ्यांना ओळखू येत नाहीत. पण नियम म्हणजे नियम.

आणि फाइल! ती जाडजूड फाइल. सातबारा, आठ-अ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एफडीच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक, सीएचा दाखला, सोन्याचं मूल्यांकन. वर मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या, त्याची कर विवरणपत्रं, आणि ‘यांचा सगळा खर्च मी करीन’ असं प्रतिज्ञापत्र.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं काय सांगतं? निमंत्रणपत्र लागत नाही. खर्चाच्या हमीचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. अर्जदार स्वतःच्या देशाशी किती बांधलेला आहे ते पाहू, तिकडच्या नातेवाइकांच्या हमीवर नाही. हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय.

पण लिहिलेलं वाचायचं, ही प्रथा आपल्याकडे कुठे आहे? ‘असू दे, फाइलमध्ये राहील.’

प्रत्यक्षात खिडकीवर दोन-तीन मिनिटं बोलणं होतं आणि फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही. ती उघडायला हवी होती, असं मात्र आमचं मत. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं, त्यातल्या दोघांचा बांधावरून कोर्टात दावा. परत येण्याला याहून भक्कम कारण कोणतं? चालू दावा सोडून मराठी माणूस परदेशी राहिल्याचं कुणी ऐकलंय?

आता एजंटची शिकवणी. ‘नातवाला सांभाळायला जातोय असं चुकूनही म्हणू नका. फिरायला म्हणा. नायगारा म्हणा.’ आई घोकते: नायगारा, नायगारा. आयुष्यभर रिक्षाच्या सुट्या पैशातही खोटं न बोललेल्या बाईला सत्तरीत खोटं शिकवायचं आणि त्याची फी भरायची.

तिकडचा कायदा याबाबतीत चेष्टा करत नाही. महत्त्वाच्या गोष्टीत खोटं सांगून व्हिसा मागितल्याचं ठरलं, तर प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. एजंटला? त्याला काही होत नाही. तो पुढच्या आजींना नायगारा शिकवतोय.

तसं पाहिलं तर लेकीच्या बाळंतपणाला जाणं हा कधीपासून गुन्हा झाला? तिथे नोकरी करायची नाही, पगार घ्यायचा नाही, मुदत संपायच्या आत परत यायचं. आईला हे एका वाक्यात सांगता येतं. आपणच तिला बोलू देत नाही.

कारण ते वाक्य आपल्यालाच टोचतं.

तिकडच्या पाळणाघराचा महिन्याचा आकडा ऐकला, की आईची फार आठवण येते. मग वेळापत्रक ठरतं. पहिले सहा महिने तिचे आईवडील, पुढचे सहा महिने त्याचे. दोन्ही विहिणींची भेट विमानतळावर. एक उतरते, दुसरी चढते, मध्ये डायपरचा आणि दुधाच्या बाटल्यांचा चार्ज दिला-घेतला जातो. पगार? छे! पगार दिला तर व्हिसाच्या नियमांचा भंग होतो.

कायदा पाळण्यात मुलगा अगदी पक्का.

मुलाखतीचा दिवस. एके काळी ही रांग ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या महालासमोर लागायची. समोर निदान समुद्र होता. २०११मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. आता समोर काच आणि सिमेंट. वाट पाहण्याचा दर्जाही घसरला.

आत बॅग चालत नाही, मोबाइलही चालत नाही. मग ते ठेवायचं कुठे? २०२५मध्ये एका रिक्षावाल्याची बातमी गाजली होती. वकिलातीबाहेर रिक्षा लावून, लोकांच्या बॅगा सांभाळून तो महिन्याला लाखांत कमावतो, अशी ती बातमी. पुढे पोलिसांनी धंदा बंद पाडला. व्हिसा न काढता अमेरिकेवर पोट भरणारा हा एकमेव माणूस होता. तोही परत पाठवला.

मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते. तरी चिरंजीव आठवडाभर व्हिडिओ कॉलवर इंग्रजी पाठ करून घेतात. ‘माय सन इज सॉफ्टवेअर इंजिनिअर.’ जरा हसून म्हण. फार हसू नकोस. आई, इतकं नको बोलूस. बाबा, तुम्ही इतकं गप्प नका राहू.

आणि अधिकाऱ्याने विचारलं, ‘भारतात तुमचं कोण आहे?’ तर?

तर हुकमाचं पान काढायचं. धाकटा मुलगा.

हो, तोच. ज्याचा पगार नातेवाइकांत कुणी विचारत नाही. जो बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेतो, लाइट बिल भरतो, आईच्या गोळ्या आणतो. मोठ्याच्या यशाच्या गप्पांत ज्याचं नाव ‘आणि हा इथेच असतो’ एवढंच येतं. अमेरिकेच्या कायद्याच्या नजरेत मात्र आईबाबा परत येतील याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा तोच. मोठ्याची प्रतिज्ञापत्रं लागत नाहीत, धाकट्याचं नुसतं असणं पुरतं.

जे घराला कळलं नाही ते वकिलातीला कळलं.

आणि त्या क्षणी तो कुठे असतो? बाहेर, रस्त्यावर. दोन मोबाइल, दोन बॅगा आणि बाबांच्या काठीची पिशवी सांभाळत. रात्री सांगलीहून गाडी चालवत तोच आलेला असतो.

आपल्या हातात जेवढं होतं ते झालं, आता देव. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणूनच ओळखतात. मागणं घालताना ११ प्रदक्षिणा, काम झाल्यावर १०८. आगाऊ थोडं, बाकी काम झाल्यावर. वकिलातीपेक्षा देवाचा व्यवहार चोख.

नाकारला तर? हातात एक छापील कागद. त्यावर तेच कलम, २१४ (बी). अपील नाही. पुन्हा अर्ज करा, पुन्हा १८५ डॉलर. खरं कारण कळत नाही, म्हणून घरोघर संशोधन सुरू होतं. ‘तिसऱ्या खिडकीवरचा साहेब सगळ्यांनाच नाकारतो.’ ‘तू हिरवी साडी नको होती नेसायला.’ ‘बाबांनी पेन्शनचा आकडा उगाच कमी सांगितला.’

बाबांनी आकडा खरा सांगितला होता. घरात तो पहिल्यांदाच कळला, हे वेगळं.

मिळाला तर? सोसायटीत बातमी: दहा वर्षांचा व्हिसा! इथे सगळेच गल्लत करतात. दहा वर्षं दारापर्यंत जायची मुभा आहे, आत दहा वर्षं राहायची नाही. किती दिवस राहायचं ते तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पर्यटकाला साधारण सहा महिने देतात.

सहा महिने! चिरंजीवांना कमी वाटतात. बाबांना?

तिसऱ्या आठवड्यात बाबा हळूच विचारतात, ‘तिकीट अलीकडचं करून मिळतं का रे?’ रस्त्यावर माणूस नाही. गाडीशिवाय कोपऱ्यावर जाता येत नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर. दात दुखला तरी बिलाच्या धास्तीने लवंग धरायची. नायगारा एका दिवसात पाहून झाला.

आणि इकडे किती कामं पडलीत! नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय. तो आता मोबाइलवरूनही देता येतो, मान्य. पण बँकेत जाऊन, कॅशियरला ‘अजून आहे बरं का मी’ असं स्वतःच्या तोंडाने सांगण्याची मजा मोबाइलमध्ये कुठली? आईची भिशी आहे. ज्येष्ठ नागरिक संघाची सहल आहे. गच्चीच्या गळतीवरून सोसायटीची सभा आहे, आणि बाबांशिवाय ती सभा शांततेत पार पडण्याचा धोका आहे.

अशा माणसाला म्हणे तिकडे स्थायिक व्हायचंय!

बाकीचे देश तर आणखी दिलदार. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेत पाच वर्षं राहू शकतात. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा काढा आणि या. न्यूझीलंडनेही २०२५मध्ये आईवडिलांसाठी पाच वर्षांचा नवा व्हिसा सुरू केला. सरकारं तयार आहेत, मुलं तयार आहेत. पाच वर्षं! आईबाबांना कुणी विचारलंय?

आता उलट बाजू पाहू. चिरंजीवांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, की आईबाबांकडे यायला त्यांनाही कागद लागतो. ओसीआय कार्ड. ते मात्र आयुष्यभराचं. मुंबई विमानतळावर त्यांना कुणी विचारत नाही, ‘परत जाणार ना नक्की?’

उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

तेव्हा अर्ज भरणाऱ्या चिरंजीवांनो आणि सुकन्यांनो, थोडक्यात सांगतो. अर्ज खरा भरा, आणि मदत केली असेल तर ‘केली’ म्हणा. सगळे प्रश्न आईबाबांना वाचून दाखवा, सही त्यांची आहे. फाइल बारीक करा. नायगारा शिकवू नका. मराठीत बोलायची सोय आहे, त्यांना मराठीत बोलू द्या. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. धाकट्याला एक फोन करा, आणि तो कामासाठी नसू दे.

आणि तिकीट काढाल तेव्हा परतीची तारीख तुमची सुट्टी, पाळणाघर आणि विहीणबाईंचं विमान पाहून ठरवू नका. ती आईबाबांना विचारा. परत यायचं म्हणजे परत यायचं, हे या कुटुंबात फक्त त्यांनाच जमतं.